मदत हवी आहे : १४ एमएम लेन्सने जुन्या घराचे फोटो – खांब कलतात, कडेची माणसं ताणली जातात

तांबडीमाती

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातलं आमचं घर येत्या मे महिन्यात उतरवणार आहेत. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि पडवी, मधे माजघर, डाव्या हाताला देवघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. वाशांना वाळवी लागली आहे, मागची भिंत गेले दोन पावसाळे फुगत चालली आहे. आता डागडुजीवर पैसे घालण्यात अर्थ नाही असं सगळ्यांनी बसून ठरवलं आणि ते मलाही पटलं आहे. छप्पर उतरायच्या आधी घराचे नीट फोटो मात्र काढून ठेवायचे आहेत, आणि तिथेच अडले आहे.

कॅमेरा सेकंडहँड घेतलेला लुमिक्स जीएक्स ८५. सोबत एकच लेन्स आहे, पॅनासॉनिकची १४ एमएम एफ/२.५, ती चपटी, बिस्किटासारखी. अवघी ५५ ग्रॅमची, त्यामुळे कॅमेरा खांद्याच्या पिशवीत सहज मावतो आणि कोणाच्या समोर धरला तरी ती व्यक्ती अवघडत नाही. आमच्या आत्याला मोठ्या कॅमेऱ्यासमोर बसवणं कोणालाच जमलेलं नाही. याच्यासमोर ती तांदूळ निवडत बसून राहिली, म्हणून हीच लेन्स वापरायची आहे.

मागच्या शनिवार-रविवारी जाऊन दोनशेच्या आसपास फोटो काढले. त्यातले ठेवावेत असे दहासुद्धा नाहीत.

ओटीचे खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेले दिसतात, जणू घर आत्ताच पडतंय. माजघरात घरातली आठ माणसं एका ओळीत बसवली, तर टोकाला बसलेल्या आत्याचा चेहरा आडवा ताणला गेला. मधल्या सगळ्यांचे चेहरे ठीक आहेत. माजघरातून पुढचं दार फ्रेममधे आलं की एक तर खळं (पुढचं अंगण) पांढरं फटक होतं, नाहीतर आतलं सगळं काळं. आणि एक गोष्ट अजिबात उमगत नाही : कॅमेऱ्यातल्या जेपेगमधे दाराची चौकट सरळ असते, पण त्याच फोटोची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) डार्कटेबल या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधे उघडली की चौकट पिंपासारखी फुगलेली दिसते. लेन्स खराब मिळाली का?

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ओटीच्या भिंतीवर, बाकाच्या वर, एक तेलकट काळपट डाग आहे. आजोबा रोज संध्याकाळी तिथे डोकं टेकून बसायचे. खोबरेल तेलाने चुना तिथे इतका गुळगुळीत झाला आहे की बोट फिरवलं तर कडा कुठे संपते ते कळतं. दरवर्षी घर सारवलं, रंगवलं, पण तेवढी जागा आजीने रंगवू दिली नाही. फोटोत तो डाग म्हणजे नुसता मळका पॅच दिसतो. फ्लॅश मारला तर तोही दिसत नाही.

घर पुन्हा बघायला मिळणार नाही, त्यामुळे या फोटोंना दुसरी संधी नाही. हाताशी अजून तीन शनिवार-रविवार आहेत. नेमकं काय करू, ते कृपया सोप्या शब्दांत सांगा.

सह्यवेडा

आधी एक सांगतो, लेन्स खराब नाही. खांब कलतात ते कॅमेरा वर उचलल्यामुळे. छप्पर फ्रेममधे घ्यायला म्हणून आपण नकळत कॅमेऱ्याचं तोंड वर करतो आणि उभ्या रेघा वर जाऊन एकमेकींना भेटायला लागतात. वाइड लेन्सवर हे फार उठून दिसतं.

जीएक्स ८५ मधे इलेक्ट्रॉनिक लेव्हल आहे, ती स्क्रीनवर चालू ठेवा. नुसती डावी-उजवी रेघ जुळून भागत नाही, पुढे-मागेही कॅमेरा सपाट हवा. स्क्रीन वर उचलता येतो त्याचा फायदा घ्या : कॅमेरा डोळ्याला न लावता कंबर ते छाती या उंचीवर धरा आणि वरून बघा. खोलीची निम्मी उंची म्हणजे साधारण तुमची छातीच. तिथून सरळ समोर बघितलं की जमीन आणि आढं दोन्ही सारखे येतात आणि खांब खांबासारखे उभे राहतात.

छप्पर तरीही कापलं गेलं तर कॅमेरा उभा धरा. सपाटच ठेवायचा, फोटोत खालची जमीन जास्त येईल ती नंतर कापून टाकायची.

आता या लेन्सचा हिशोब. १० फूट लांबून ती आडवी साधारण १२ फूट आणि उभी ९ फूट जागा घेते. तुमचं माजघर किती आहे?

तांबडीमाती

माजघर १४ बाय १० आहे. म्हणजे लांब भिंत एका फ्रेममधे येणारच नाही ना?

सह्यवेडा

आत उभं राहून नाही येणार. पण दारातून येईल. समोरासमोर दारं असतील तर एका दाराच्या उंबऱ्याबाहेर, शेजारच्या खोलीत उभ्या राहा आणि चौकटीतून आत बघा. चौकट फोटोत आली तर येऊ दे. तुम्ही त्या घरात माजघर नेहमी तसंच बघितलं असणार, कोणत्या तरी दारातून.

अर्धवर्तुळ

रॉ फाइलचं कोडं सोडवतो. ही लेन्स २०१० साली आली. इतकी चपटी आणि हलकी करायची तर रेघा सरळ ठेवायचं थोडं काम काचेकडून काढून सॉफ्टवेअरकडे द्यावं लागतं, तसं ते यात दिलं आहे. कॅमेरा जेपेग बनवताना फुगवटा स्वतःच सरळ करतो. डार्कटेबलमधे तुम्हाला काचेतून आलेलं मूळ चित्र दिसतं. तिथे लेन्स करेक्शनचं मॉड्यूल चालू करा, यादीत ही लेन्स आहे. ते लागू झालं की चौकट जागेवर येईल. कडेचा थोडा भाग कापला जातो, म्हणून महत्त्वाची वस्तू अगदी काठाला ठेवू नका. खांब एखाद-दुसरा अंश कललेला राहिलाच तर त्याच सॉफ्टवेअरमधे पर्स्पेक्टिव्ह सरळ करायचीही सोय आहे. पण सह्यवेडा म्हणतात तसं घेतानाच सरळ घेतलेलं बरं. नंतर खूप ओढाताण केली की खोलीची प्रमाणं बिघडतात.

आत्याचा चेहरा ताणला जातो ते मात्र वेगळं. तो दोष नाही, ती सरळ रेघांची किंमत आहे. सपाट चित्रात सगळ्या रेघा सरळ ठेवायच्या तर मधल्यापेक्षा कडेची वस्तू जास्त पसरते. भिंतीवर ते जाणवत नाही, गोल वस्तूवर जाणवतं, आणि माणसाचं डोकं गोलच असतं. चेहरे फ्रेमच्या मधल्या दोन-तृतीयांश भागात ठेवा. आठ जण एका ओळीत न बसवता चार पुढे, चार मागे बसवा आणि तीन-चार पावलं मागे या. दोन्ही कडांना माणसांऐवजी खांब, कणगी, जातं, जे काही असेल ते येऊ दे.

फोकससाठी एक आकडा लक्षात ठेवा. एफ/५.६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तर छिद्र लहान) आठ फुटांवर फोकस ठेवला तर चार फुटांपासून थेट खळ्यापलीकडच्या माडापर्यंत सगळं स्पष्ट येतं. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो. आठ फुटांवरच्या एखाद्या ठळक कडेवर फोकस करून घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका. कॅमेरा बंद केलात तर पुन्हा तपासा.

पाऊलखूण

त्यापेक्षा अजून वाइड लेन्स भाड्याने का नाही घेत? लाओवा कंपनीची ७.५ एमएम याच माउंटला (लेन्स बसवायच्या खाचेला) मिळते, लहानही आहे. १० फुटी खोली एका फ्रेममधे सहज बसेल.

देवगडकर

मी नाही म्हणेन, आणि अनुभवाने म्हणेन. आमचं घर उतरवलं तेव्हा मी फोनच्या ०.५ वर, म्हणजे त्याच्या सगळ्यात वाइड लेन्सवर, सगळ्या खोल्या काढल्या. आज ते फोटो बघताना आमचं दहा फुटी देवघर शाळेच्या वर्गाएवढं दिसतं. खोली बसली, पण घर गेलं. आमच्याकडे देवघरात शिरताना खांदा चौकटीला घासायचा. तो अरुंदपणा एकाही फोटोत नाही. १४ एमएम या कॅमेऱ्यावर जुन्या ३५ एमएम फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबाने २८ एमएम पडते. जागा मोकळी दिसते, पण खोटी होत नाही. जिथे खोली मावत नाही तिथे दोन फोटो काढा, त्याने काही बिघडत नाही.

उजेडाबद्दल. कोकणातलं माजघर अंधारंच असतं, त्याला दुपारसारखं उजळू नका. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास काचेच्या कौलातून कवडसा जमिनीवर उतरतो. (तुमच्याकडे काचेचं कौल आहे ना?) त्या वेळी सगळे दिवे बंद करून काढा. दिवा चालू राहिला तर एक गाल पिवळा आणि एक निळा येतो. खळं आणि माजघर एकाच फ्रेममधे हवं असेल तर मात्र तिन्हीसांजेला काढा. सूर्य गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेरचं आभाळ आणि आतला दिवा जवळजवळ सारख्या तेजाचे असतात. तेव्हा पुढचं दार फ्रेममधे घेतलं तरी पांढरं फटक होत नाही.

अर्धवर्तुळ

तिन्हीसांजेचं पटलं. पण दिवसाच काढायचं असेल तर ब्रॅकेटिंग लावा, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडात काढा : तिपाईवर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर, एकेका स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरकाने पाच फोटो. हगिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते एकत्र करून देतं. आणि ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर, आणि वेग १/५० किंवा १/१०० सेकंद. तिपाई नसेल तर या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी सोय) चांगलं आहे, चौकटीला टेकून १/८ सहज निघतो. भिंतींसाठी तेवढं पुरे, माणसांसाठी नाही. माणसं असतील तर एफ/२.५ करा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त चढवा. दाणे आले तरी चालतील, हललेला चेहरा चालणार नाही.

देवगडकर

डागाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून सांगतो. तो डाग रंगाचा नाही, पोताचा आहे. समोरून उजेड टाकला की पोत मरतो, म्हणून फ्लॅशमधे काही दिसत नाही. ओटीवर बाहेरचा उजेड कमी झाला की एक साधी बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून, डागाच्या कडेने मारा. चुन्याच्या खडबडीत कणांची सावली पडेल आणि जिथे डोकं टेकत होतं तिथे पडणार नाही. ही लेन्स १८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते. पण अगदी तेवढ्या जवळ जाऊ नका, कॅमेऱ्याची सावली पडेल. हातभर अंतर ठेवा. आणि एक फोटो लांबून घ्या, ज्यात बाक आणि डाग दोन्ही असतील. नुसता डाग बघून पुढच्या पिढीला काय कळणार?

तांबडीमाती

कालच परत आले. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, आता काय झालं ते सांगते.

लेव्हल चालू ठेवून कॅमेरा कंबरेशी धरल्याबरोबर पहिल्याच फोटोत ओटीचे चारही खांब उभे राहिले. मागच्या वेळचे दोनशे फोटो मी डोळ्याच्या उंचीवरून, तोंड वर करून काढले होते हे आता बघताना स्पष्ट दिसतं. माजघर स्वयंपाकघराच्या दारातून घेतलं. चौकट फोटोत आली आहे आणि तिच्यावरचा हळदीकुंकवाचा थरही आला आहे, तो मी आजवर कधी नीट पाहिलाच नव्हता. लेन्स करेक्शन लागू केल्यावर फुगवटा गेला.

काचेचं कौल आहे, पण वरून शेवाळलेलं. चुलतभावाने शिडी लावून पुसलं, तेव्हा कवडसा पडला. अकराला तो जात्यापाशी होता, साडेअकराला उंबऱ्यापाशी. अर्ध्या तासात सहा फोटो मिळाले आणि ते सहाही ठेवणार आहे. तिन्हीसांजेला खळ्याचा फोटो मात्र थोडा उशिरा घेतला, आभाळ गडद झालं होतं. तो पुढच्या शनिवारी पुन्हा घेईन, सूर्य बुडायच्या आधीच कॅमेरा लावून बसेन.

डागासाठी बॅटरी आत्याने धरली. तिने ती भिंतीला टेकवली आणि डाग एकदम उठून आला. नुसता गोल नाहीये तो. डावीकडे थोडा लांबट आहे, आजोबा मान त्या बाजूला कलती ठेवायचे म्हणून. ते मला ठाऊक नव्हतं, आत्याने सांगितलं. मग ती स्वतः बाकावर बसली आणि डोकं टेकवून बघितलं. तिचं डोकं डागाच्या वीतभर खाली आलं. तो फोटो एफ/२.५ ला, १/३० वर घेतला. चेहरा फ्रेमच्या मधे आहे आणि कडेला खांब. अजिबात ताणलेला नाही.

आता एकच विचारायचं आहे. हे फोटो छापून घरातल्या प्रत्येकाला द्यायचे आहेत. १६ मेगापिक्सलच्या या कॅमेऱ्यातून किती मोठी प्रिंट चांगली निघेल?

अर्धवर्तुळ

१२ बाय १६ इंच निश्चिंत काढा. मॅट कागद घ्या, चकचकीत नको. अंधाऱ्या खोल्यांचे फोटो चकचकीत कागदावर छापले की त्यात समोरची खिडकीच दिसत राहते. आणि छापायला देण्याआधी एकाच फोटोची छोटी प्रिंट काढून बघा. स्क्रीनवर बरोबर वाटणारं माजघर कागदावर बरेचदा एक स्टॉप काळं येतं.

तांबडीमाती

डागाचीच काढून बघते, चार बाय सहा.