मदत हवी आहे: कॅम्पिंग ग्रिलचे छोटे प्रोपेन सिलिंडर अपार्टमेंटमध्ये ठेवायचे कुठे?

नमस्कार मंडळी,

ऑस्टिनला (टेक्सास) राहतो, दुसऱ्या मजल्यावर अपार्टमेंट. कॅम्पिंगला न्यायचं छोटं ग्रिल घेतलंय, त्याला ते एक पौंडाचे हिरवे प्रोपेन सिलिंडर लागतात. ग्रिल मस्त आहे, कणसं, पनीर, भरताचं वांगं सगळं होतं, आणि इथे उन्हाळ्यात बर्न बॅन (उघड्यावर जाळ करायला बंदी) लागला की लाकूड-कोळसा बंद, मग गॅसच उरतो. त्रास आहे घरी परत आल्यावर. सिलिंडर कधीच पुरता संपत नाही, अर्धा-पाव उरतोच, आणि तो ठेवायचा कुठे यावरून घरात रोज चर्चासत्र.

बाल्कनीत सामान ठेवायची छोटी खोली आहे पण तिच्यातच गॅसवर चालणारा वॉटर हीटर आहे त्यामुळे बायकोचा ठाम नकार. डिकीत ठेवावा तर जुलैचं इथलं ऊन. आई सध्या इथे आहे, तिचं म्हणणं, आपल्याकडे 14.2 किलोचा सिलिंडर ओट्याखाली असतो, एवढ्याशा डब्याला कसले घाबरता, ठेवा सिंकखाली!

दुसरं म्हणजे, एक सिलिंडर ग्रिलवरून फिरवून काढला तेव्हा फुस्स झालं, ते नेहमीचंच, पण नंतरही बारीक वास येत राहिला. साबणाचं पाणी लावून बघितलं तर वरच्या तोंडात मधल्या पिनपाशी एक बुडबुडा हळूहळू फुगतो, फुटतो, परत फुगतो. सध्या तो बाल्कनीत उघड्यावर उभा करून ठेवलाय. याचं काय करू?

आणि आत किती उरलाय हे कसं ओळखायचं? एक मित्र मोठ्या सिलिंडरमधून हेच डबे भरून घेतो, अडॅप्टर ऑनलाइन मिळतो म्हणे. करावं का?

प्रतिसाद:
आधी तो बुडबुडेवाला. ती पिन म्हणजे स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, कचरा अडकला किंवा नीट बसला नाही की असं होतं. मोकळ्या जागेत, आसपास सिगरेट-शेगडी काही नसताना परत ग्रिलला लावून काढून बघा, कधी कधी बसते पिन. नाही बसली तर ग्रिलला लावा, बाहेरच काहीतरी भाजा आणि संपवून टाका. बंद जागेत अजिबात नेऊ नका, प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, खाली जमिनीलगत साचतो, म्हणून तर वॉटर हीटरची खोली वाईट. वहिनींचं बरोबर आहे.
डिकीचंही नावच काढू नका. सिलिंडरवर 120 फॅरनहाइटच्या (49 सेल्सिअस) वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, उन्हातली बंद गाडी ते सहज ओलांडते. प्रेशर वाढलं की रिलीफ व्हॉल्व्ह गॅस बाहेर सोडतो आणि तो सगळा गाडीतच.

प्रतिसाद:
काकूंना सांगा, ओट्याखालच्या सिलिंडरचा गॅस प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतो. निव्वळ प्रोपेन उणे 42 सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे त्याच तापमानाला प्रेशर जास्त. शिवाय तिथे रेग्युलेटर कायम लावलेला असतो, इथे तुम्ही दर वेळी काढताय.
बाल्कनीबद्दल: बऱ्याच ठिकाणचा फायर कोड लाकडी बाल्कनीत एक पौंडापेक्षा मोठ्या सिलिंडरचं ग्रिल चालू देत नाही, तुमचा एक पौंडाचा चालतो. पण अपार्टमेंटवाले लीजमध्ये त्याहून कडक लिहितात, तेव्हा लीजिंग ऑफिसला ईमेल टाकून उत्तर लेखी घ्या. परवानगी असेल तर सावलीत, उभा, टोपण लावून.

प्रतिसाद:
किती उरलाय त्यासाठी किचनचा वजनकाटा! नवीन सिलिंडर दुकानातून आणला की लगेच वजन करा, त्यातून 465 ग्रॅम वजा केले की रिकाम्याचं वजन मिळालं. मार्करने वरच लिहून ठेवायचं. हलवून काही कळत नाही. अंदाज हवा असेल तर 10 हजार बीटीयूचा (बीटीयू म्हणजे आचेचं माप) बर्नर फुल ठेवला की साधारण दोन तास जातो, म्हणजे ट्रिपच्या शेवटी चहा ठेवून संपवता येतो.
रिफिलचं मात्र सोडा. ते डबे एकदाच वापरायचे, भरून गाडीतून नेले तर फेडरल कायद्याने 5 लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षं कैद, तेही सिलिंडरवरच छापलंय. मित्राला वाचायला लावा. मुद्दाम रिफिलसाठी बनवलेले एक पौंडाचे सिलिंडर वेगळे मिळतात, महाग आहेत पण वारंवार जात असाल तर परवडतात. कॅलिफोर्नियात तर 2028 पासून एकदा वापरून फेकायच्यांची विक्रीच बंद होणार आहे.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. लीजिंग ऑफिसला ईमेल टाकलाय. पिन काही बसली नाही, त्यामुळे शनिवारी पार्कमध्ये नेऊन कणसं भाजून संपवतो, नेताना काचा खाली आणि सिलिंडर सावलीत उभा. रिकामा झाल्यावर रिसायकलिंगच्या डब्यात टाकतात का, की शहराच्या हॅझार्डस वेस्ट सेंटरला न्यायचा?

प्रतिसाद:
सेंटरला. रिसायकलिंगच्या ट्रकमध्ये तो दाबला जातो, आत थोडा जरी गॅस असला तर आग लागते. जायच्या आधी फोन करा, काही ठिकाणी अपॉइंटमेंट लागते.