मदत हवी आहे: निघोज–सिंदखेडराजा–लोणार, दोघांसाठी तीन दिवस

जानेवारीत आम्ही दोघं छोट्या गाडीने निघतोय. मार्ग असा: पुणे, शिरूर, निघोज, नगर, संभाजीनगर (मुक्काम), जालना, सिंदखेडराजा, लोणार (मुक्काम), परत.

पहिली अडचण निघोजची. कुकडी नदीच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्ट कोरून रांजणखळगे केलेत, पण पात्रात पाणी जास्त असलं की ते झाकले जातात. वरच्या धरणातून आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळाने सोडलं जाणारं पाणी) सुटलं तर कडेला उतरणंही धोक्याचं. ओला कातळ भयंकर निसरडा असतो. सध्या पाणी किती आहे? आवर्तनाच्या तारखा कुठे कळतील?

सिंदखेडराजा ते लोणार रस्ता कसा आहे? गाडी खाली टेकेल असे खड्डे असतील तर मेहकरवरून जाऊ. स्टेपनीत हवा आणि जालन्यात टाकी फुल्ल, एवढं ठरलंय.

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. उतरताना सोपं वाटतं, चढताना उन्हात दम निघतो, म्हणून सकाळीच उतरणार. माणशी दोन लिटर पाणी. तळाशी सरोवराच्या काठावरच्या चिखलात पाय रुततो, तर कोणत्या वाटेने उतरावं? लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या छतावरचं कोरीवकाम नीट बघायचंय, त्यासाठी उजेड कोणत्या वेळी चांगला असतो?

वाटेत आडबाजूचं, चुकवू नये असं काही असेल तर जरूर सुचवा.