सॅन फ्रान्सिस्कोचं 'थान लाँग': ही मंडळी हॉटेलात पडली कशी?

खादाड_बाळू: जुडा स्ट्रीटवर भाजलेला डंजनेस खेकडा आणि गार्लिक नूडल्स हाणल्या. कोपरापर्यंत लसूण-लोणी! मालकांचं कुटुंब, आडनाव 'आन' (An), मूळचं व्हिएतनाममधलं बडं घराणं म्हणे. मग हॉटेल कसं काय?

सुलभा_बेएरिया: अरे, सगळा उद्योग त्या घरातल्या सासूबाईंचा! या डायनाबाई अमेरिका बघायला आल्या आणि १९७१ मध्ये चक्क एक छोटं इटालियन डेली (तयार खाण्याचं दुकान) विकत घेऊन बसल्या. १९७५ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली. सून हेलेन लेकींना घेऊन निघाली, इस्टेट तिकडेच राहिली. हाताशी उरलं ते हे दुकान. घरात स्वयंपाकी बाळगणारी बाई चुलीपुढे उभी राहिली. त्या नूडल्स तिच्याच डोक्यातून आल्या.

मंदार७८: रेसिपी मिळेल का?

सुलभा_बेएरिया: नाव काढू नकोस! स्वयंपाकघराच्या आत दुसरं बंद स्वयंपाकघर आहे, तिथे परक्याला प्रवेश नाही. आमच्या आत्याचा गोडा मसाला असाच कुलपात असायचा. पुढे १९९७ला बेव्हर्ली हिल्समध्ये 'क्रस्टेशियन' नावाचं हॉटेल काढलं, ते जरा झकपक. मला विचारशील तर जुनंच बरं. हिवाळ्यात जा, खेकड्याचा हंगाम तोच. आणि टेबल आधी सांगून ठेव.