डिकीत इंजिन ऑइल सांडलंय, कार्पेट कसं साफ करू?

सी-५०४ : नमस्कार मंडळी. सर्व्हिसिंगनंतर उरलेला ऑइलचा कॅन डिकीत होता, घाटात आडवा झाला. कार्पेटवर परातीएवढा काळपट डाग पडलाय. परवा सासूबाईंना गावी सोडायचंय, त्यांना या वासाने मळमळतं. काय करू?

ए-१०१ : ताई, थोडं पेट्रोल टाकून घासा. नाहीतर रॉकेल. लगेच निघेल.

बी-२०२ : पेट्रोल अजिबात नको! रॉकेलही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खालीच साचते, आणि आपलं पार्किंग तळघरात आहे. डिकीच्या दिव्याची किंवा व्हॅक्यूमच्या मोटरची एक ठिणगी पुरते. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलंय माझं, म्हणून कळकळीने सांगतो. शिवाय त्याने डाग जात नाही. ऑइल पातळ होऊन खालच्या फोममध्ये उतरतं आणि दोन दिवसांनी तिथूनच परत वर येतं.

सी-५०४ : बापरे. मग काका, करू काय?

बी-२०२ : डिकीचं कार्पेट बहुतेक गाड्यांत सुटं निघतं, आधी ते बाहेर काढा. खाली स्टेपनीच्या खड्ड्यात ऑइल गेलंय का तेही बघा, वास बऱ्याचदा तिथूनच येत राहतो. मग जुन्या सुती कापडाने नुसतं दाबून टिपा. घासायचं नाही. कडेकडून मध्याकडे या, म्हणजे डाग पसरत नाही. कापडाला ऑइल लागायचं थांबलं की खायचा सोडा किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर थापा आणि रात्रभर ठेवा. सकाळी झटकून व्हॅक्यूम करा. सोडा पिवळट-तपकिरी झाला असेल तर पुन्हा ताजा थापा.

त्यानंतर कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड, मऊ ब्रश, हलक्या हाताने. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबण पूर्ण काढा. साबण राहिला तर ती जागा चिकट होते आणि धूळ धरते.

एफ-१०२ : धुण्याचा सोडा चालेल का? आमच्या हॉलमधल्या गालिच्यावरही यांच्या बुटाचं ऑइल लागलंय.

बी-२०२ : गालिचा लोकरीचा असेल तर नको काकू. धुण्याचा सोडा आणि ब्लीच लोकर खराब करतात. कॉर्नफ्लोअरच वापरा. साबण लावण्याआधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघा.

डी-३०१ : काका, माझा प्रश्न वेगळा आहे. पुढे डावीकडे, पाय ठेवतो तिथलं कार्पेट सारखं ओलं होतंय. एसीचं पाणी असेल ना?

बी-२०२ : बोट लावून बघा. एसीचं पाणी असेल तर वास नाही, चिकटपणा नाही. ड्रेनचा पाइप तुंबलाय, तो मोकळा केला की झालं. पण बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला, समोरची काच आतून तेलकट धुरकट होत असेल, तर ते कूलंट आहे, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, म्हणजे गाडीत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर, गळत असणार. अशा वेळी कार्पेट कितीही धुवा, गळती थांबेपर्यंत ते ओलंच होणार.

कूलंटवर सोडा-पीठ थापण्यापेक्षा पाणीच कामाचं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून ओल्या फडक्याने पुन्हापुन्हा टिपा. ब्रेक ऑइलचंही तेच. फक्त ते गाडीच्या पत्र्यावर पडू देऊ नका, रंग सोलून काढतं.

एफ-१०२ : ते कूलंट मांजरांना घातक असतं ना? मी खालच्या पिल्लांना रोज दूध घालते.

बी-२०२ : फार घातक. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात. मांजराला अगदी थोडंही पुरतं. आधी दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, कुत्रं मध्येच जरा बरं वाटल्यासारखंही दिसतं, पण तोवर किडन्या निकामी होत असतात. चाटल्याचा संशय आला तरी तासभरही थांबू नका, थेट प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. लहान मुलांनाही तितकंच विषारी आहे.

सेक्रेटरी : सर्वांना विनंती, ऑइल लागलेलं काहीही रॅम्पवर धुऊ नका. पावसात दुचाक्या घसरतात. खाली ऑइल दिसलं तर वॉचमनला सांगा, लाकडाचा भुसा ठेवलाय. उरलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजवाले परत घेतात.

सी-५०४ : कार्पेट काढलं, काका. खड्ड्यातही होतं ऑइल, पुसून घेतलं. आता सोडा थापलाय. गॅलरीत पंखा लावून वाळवेन.

बी-२०२ : उत्तम. पूर्ण सुकल्याशिवाय परत घालू नका, या हवेत कुबट वास धरतो.

डी-३०१ : काका, चिकट लागतंय. वासही गोड आहे.

बी-२०२ : मग गाडी गार असताना कूलंटच्या टाकीची पातळी बघा. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही, वाफेने हात भाजतो. पातळी मिनिममच्या खाली असेल तर चालवत नेऊ नका, इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जाईल. टो करूनच न्या. मी दहा मिनिटांत खाली येतो, टॉर्च घेऊन या.