अकरावीचं गणित: रोज सातच गणितं, आणि त्यातली आजची तीनच

खडूफळा (धागाकर्ता)

अकरावी सायन्सच्या गणिताचं नियोजन बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत एकाच साच्यातून निघतं. बालभारतीच्या दोन पुस्तकांची अनुक्रमणिका घ्यायची, हाताशी असलेल्या आठवड्यांनी भागायची, गृहपाठाच्या रकान्यात 'एक्झरसाइज ३.१ पूर्ण' असं लिहायचं आणि सही घ्यायची. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की आठवडे घटतात, मग दोन आठवड्यांचं प्रकरण एकात कोंबायचं. झालं नियोजन.

माझे आक्षेप दोन. सरळच मांडतो, म्हणजे झोडपायला सोपं जाईल.

पहिला क्रमाचा. भाग १ उघडला की कोनाचं मापन, मग ट्रिगो (त्रिकोणमिती) एक, ट्रिगो दोन. ट्रिगो एकमध्येच डोमेन (फंक्शनला कुठल्या किमती चालतात), रेंज (उत्तरं कुठली येतात), आलेख, पिरियड सगळं येऊन जातं. आणि फंक्शन म्हणजे काय हे सांगणारं प्रकरण भाग २ मध्ये, तेही सहावं! स्टेट बोर्डाच्या दहावीत फंक्शन नाहीच. म्हणजे फंक्शनची ओळख व्हायच्या आधीच पोरांनी टॅनचा डोमेन घोकलेला असतो. याची वसुली बारावीत होते. साइन ३०° पण अर्धा आणि साइन १५०° पण अर्धा, मग साइन इन्व्हर्स अर्धा म्हणजे ३०°च का, असं विचारलं की अख्खा वर्ग गप्प. एनसीईआरटीच्या अकरावीत आधी संच, मग संबंध आणि फंक्शन, त्यानंतर त्रिकोणमिती. अमेरिकेत कॉलेज बोर्डाने २०२३ मध्ये एपी प्रीकॅल्क्युलस हा हायस्कूलचा अभ्यासक्रम आणला, त्यातही बहुपदी आणि परिमेय फंक्शन पहिल्या घटकात आणि त्रिकोणमिती तिसऱ्यात. आपणही सुरुवातीचे दोन-तीन आठवडे संच, संबंध, फंक्शनला द्यावेत आणि मग रेडियनकडे (कोन मोजायच्या दुसऱ्या एककाकडे) वळावं.

दुसरा आक्षेप गृहपाठाचा. 'पूर्ण एक्झरसाइज' देणं बंद करा. रोज सात गणितं द्या: तीन आजच्या तासाची, दोन गेल्या आठवड्यातली, एक महिन्यापूर्वीचं आणि एक नववी-दहावीचं. कंपाउंड अँगल (दोन कोनांच्या बेरीज-वजाबाकीची सूत्रं) शिकवले त्या दिवसाचा माझा गृहपाठ बघा. साइन ७५° काढा. टॅन ए = १/२, टॅन बी = १/३, दोन्ही लघुकोन, तर ए + बी किती? साइन १०५° काढा, आणि उत्तर साइन ७५° इतकंच का आलं ते एका ओळीत लिहा. ही आजची तीन. मग ७पाय/१२ रेडियनचे अंश करा (हे १०५° येतं, ज्याच्या लक्षात येईल त्याच्या येईल) आणि सेक्टरच्या क्षेत्रफळाचं एक. महिन्यापूर्वीचं म्हणून फंक्शनच्या डोमेनचं एक, आणि शेवटी छेदाचं परिमेयीकरण, नववीतलं.

३.१ असा मथळा वर दिसला की पोरगं गणित वाचायच्या आधीच कंपाउंड अँगलचं सूत्र लिहून मोकळं होतं. कुठलं सूत्र लावायचं हे ठरवणं हेच खरं अर्धं गणित, आणि तेवढंच पुस्तकाने आयतं सोडवून दिलेलं. फ्लोरिडात डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर हे करून पाहिलं. निम्म्या वर्गांना एका प्रकारची गणितं सलग, निम्म्यांना मिसळून. महिन्याभराने न सांगता परीक्षा घेतली तेव्हा सलगवाल्यांना सरासरी ३८ टक्के, मिसळवाल्यांना ६१. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालंय.

बोला.

दोन_पुस्तकं

सर, लिहिलंय छान, पण तुम्ही दोन्ही भाग एकटेच शिकवता असं दिसतंय. आमच्याकडे भाग १ माझ्याकडे आणि भाग २ दुसऱ्या सरांकडे, दोन्ही पहिल्या दिवसापासून समांतर. मी रेडियन शिकवत असते तेव्हा शेजारच्या तासाला कॉम्प्लेक्स नंबर चालू. अनेक कॉलेजांत हेच आहे, कारण वर्कलोड तसाच वाटला जातो. आता फंक्शन आधी घ्यायचं म्हणजे माझी प्रकरणं थांबवायची आणि त्यांच्या प्रकरणांचा क्रम मी ठरवायचा. स्टाफरूममध्ये बोलून बघा एकदा, काय होतं ते!

त्यात पहिली युनिट टेस्ट सगळ्या तुकड्यांना सामाईक. पोर्शन आधीच जाहीर झालेला असतो.

मी क्रम न बदलता वेगळं करते. ट्रिगो एकमध्ये डोमेन आला की तिथेच पाऊण तास फंक्शनवर घालवते. बाण काढलेल्या दोन लंबवर्तुळांत तीन-चार उदाहरणं, बस. त्यासाठी अख्खं प्रकरण पुढे ओढायची गरज नाही.

गृहपाठाबद्दल वेगळंच दुखणं आहे. ८० ची तुकडी, ४० मिनिटांचा तास. एका वहीला अर्धं मिनिट दिलं तरी तास संपला. 'साइन ७५° आणि साइन १०५° सारखं का' ही ओळ वाचणार कोण?

रात्रपाळी

मी क्लासमध्ये शिकवतो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय.

सीईटीला (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला) गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद. त्यात अकरावीचा वाटा २० टक्के, म्हणजे साधारण १० प्रश्न, २० गुण. इतका वेग रोज आजची तीन गणितं करून येत नाही. हात बसावा लागतो. सम टू प्रॉडक्टची (बेरजेचा गुणाकार करायची) सूत्रं किमान तीस गणितांत वापरल्याशिवाय साइन सी अधिक साइन डी समोर आल्यावर पेन आपोआप चालत नाही. ज्याला सूत्रच आठवेना तो सूत्राची निवड कशातून करणार?

आणि रोहररबद्दल. त्या प्रयोगात दोन्ही गटांनी गणितं तीच केली होती, फक्त मांडणी वेगळी. तेव्हा त्यातून मिसळण्याला आधार मिळतो, कमी देण्याला नाही. सात हा आकडा तुमचा स्वतःचा आहे. वर ती मुलं सातवीची. सातवीचं गुणोत्तर-प्रमाण आणि अकरावीचं मल्टिपल अँगल यांत फरक नाही असं म्हणायचंय का?

खडूफळा

@रात्रपाळी, सात माझाच आकडा, कबूल. तो ८० पैकी बहुतेकांकडून रोज खरोखर होईल एवढा म्हणून धरलाय. पंचवीस दिली की पाच होतात आणि वीस उतरवली जातात. हात बसायला तीस लागतात हेही मान्य, पण ती तीस दोनच दिवसांत का? सम टू प्रॉडक्ट सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत दर आठवड्याला दोन-दोन येऊ द्या, तिशी कधीच ओलांडली जाईल. वेग बारावीच्या फेब्रुवारीत लागतो, अकरावीच्या ऑगस्टमध्ये नाही.

@दोन_पुस्तकं, मॅडम, दोन भाग दोन शिक्षकांकडे ही मोठी अडचण आहे, नाकारत नाही. पण पाऊण तासाचं फंक्शन म्हणजे जेमतेम व्याख्या होते. वन-वन (दोन वेगळ्या किमतींना एकच उत्तर नाही), ऑन्टो, कॉम्पोझिट या पुढच्या कल्पनांचं काय?

दोन_पुस्तकं

ते त्यांच्या प्रकरणात येईलच की! ट्रिगोला वन-वन बारावीत लागतं, इन्व्हर्सच्या वेळी. तोपर्यंत भाग २ संपलेला असतो. टॅनला ९०° का चालत नाही एवढंच अकरावीच्या सुरुवातीला कळायला हवं, आणि त्याला पाऊण तास पुरतो.

आईची_वही

मी शिक्षिका नाही, अकरावीतल्या मुलाची आई आहे. एकच विचारते. कॉलेजचा गृहपाठ, क्लासचा वेगळा, क्लासच्या ॲपवर रोजची टेस्ट तिसरीच. फिजिक्स, केमिस्ट्रीचंही तसंच, वर प्रॅक्टिकलची जर्नलं. मुलगा रात्री साडेअकराला बसून कॉलेजची गणितं डायजेस्टमधून उतरवतो, कारण ती सही पुरती आहेत. मी बघते आणि काही बोलत नाही, कारण तो तरी काय करणार. तुम्ही सात द्या नाहीतर सत्तर द्या, पण कॉलेज आणि क्लास एकमेकांशी कधी बोलतात का? दोघांचे पैसे आम्हीच भरतो.

बारावी_ब

काकू +१.

मी मागच्या वर्षी अकरावीत होतो. खरं सांगू? कुठल्याही गृहपाठाचा फोटो सकाळी पहिल्या लेक्चरच्या आत ग्रुपवर असायचा. आता तर गणिताचा फोटो काढला की ॲप पायऱ्यांसकट उत्तर देतं. त्यामुळे सात की पंचवीस यावर तुम्ही भांडताय ते आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचं नाही. सात असतील तर उतरवायला कमी, एवढंच.

आमच्या एका सरांनी वही तपासणं बंदच केलं होतं. सोमवारी आल्या आल्या फळ्यावर एक गणित, गेल्या आठवड्याच्या गृहपाठातलंच, फक्त आकडे बदललेले. सहा मिनिटं, अर्धा कागद, द्या इकडे. पहिल्या सोमवारी लिमिटचं होतं: एक्स ३ कडे जातो, अंशात एक्सचा घन वजा २७, छेदात एक्स वर्ग वजा ५एक्स अधिक ६. निम्म्या वर्गाने ०/० लिहून पुढे 'बरोबर ०' लिहिलं. मीही त्यातच. उत्तर २७ येतं. घरी तसल्याच गणिताचं उत्तर ॲपने बरोब्बर दिलं होतं. त्यानंतर आम्ही ग्रुपवरचा फोटो निदान वाचायला लागलो.

परिमेय

न्यू जर्सीत हायस्कूलला प्रीकॅल्क्युलस शिकवते, म्हणून धाग्यात अमेरिकेचं नाव बघून थांबले.

खडूफळा, फंक्शन आधी घेतल्याने सगळं सुरळीत होतं असं समजू नका. आमचा सप्टेंबर-ऑक्टोबर डोमेन, रेंज, आलेख सरकवणे, कॉम्पोझिशन यात जातो. मुलांना वाटतं हे सगळं अल्जेब्रा टूमध्ये झालंय. निम्मा वर्ग मनाने बाहेर. युनिट सर्कल, म्हणजे त्रिकोणमिती, येईपर्यंत थंडी पडलेली असते आणि तेव्हा कुठे त्यांना काही नवं दिसतं. तुमच्याकडे ट्रिगो आधी असल्याने पहिल्याच आठवड्यात रेडियनसारखं खरोखर नवं काही मिळतं, त्याची किंमत कमी लेखू नका. तुमच्या मुलांना फंक्शन नवं असेल, पण संच आणि संबंधाने वर्षाची सुरुवात म्हणजे व्याख्यांचा पाऊस.

गृहपाठ मात्र मीही मिसळूनच देते. इकडच्या पुस्तकांत विषम क्रमांकाची उत्तरं मागे छापलेली असतात, म्हणून पूर्वी सम क्रमांकाची द्यायची पद्धत होती. फोटोवाल्या ॲपनी ती निकालात काढली. आता उत्तर मीच आधी देते आणि विचारते, 'हे चुकीचं का आहे?' उदाहरणार्थ कोणीतरी साइन २एक्स = १ सोडवताना दोन्ही बाजूंना २ ने भागून साइन एक्स = १/२ लिहिलंय, त्याची चूक दाखव. तेही ॲपला विचारता येतं म्हणा. पण वर्गात उभं करून विचारलं की मुलाला बोलावं लागतं. माझ्या वर्गात २८ जण आहेत. ८० मध्ये हे कसं करायचं, मला सांगता येणार नाही.

रात्रपाळी

@बारावी_ब, तुझे सर कुठे शिकवतात? क्लासला घेऊन टाकतो. (गंमत.)

सोमवारची सहा मिनिटं पटली. तपासायला ८० अर्धे कागद म्हणजे एकच गणित, उत्तर कुठे मोडलं ते एका नजरेत दिसतं. वीस मिनिटांचं काम. दोन_पुस्तकं मॅडम, तुमचा 'वाचणार कोण' हा प्रश्न इथे बराचसा सुटतो.

@आईची_वही, ताई, नाही बोलत. खरं तेच सांगतो. कॉलेज जुलैमध्ये काय घेतंय याच्याशी क्लासला देणंघेणं नसतं, आम्ही बऱ्याचदा उन्हाळ्यातच सुरू केलेलं असतं.

सातवर मात्र माझा विरोध कायम. मिसळायचं असेल तर मिसळा, पण पंधरा द्या.

खडूफळा

पंधरा दिली की आठ उतरवली जाणार, आत्ताच वर एका विद्यार्थ्याने सांगितलं.

@परिमेय, व्याख्यांचा पाऊस हा मुद्दा लागला. संच-संबंध बाजूला ठेवून थेट फंक्शनच घेतलं तर? रिक्षाचं मीटर, पोस्टाचे दर, आलेख, आणि मग व्याख्या.

दोन_पुस्तकं

क्रमावरून मी हलणार नाही, माझ्या हातात नाही म्हणूनही आणि पटलं नाही म्हणूनही. गृहपाठाचं ट्रिगो दोनपासून एका तुकडीत करून बघते, सोमवारच्या अर्ध्या कागदासकट. पण सर, सातातलं ते सातवं, नववी-दहावीचं, कुठून आणायचं? ते रोज शोधत बसायला वेळ नाही. तुमच्याकडे प्रकरणवार यादी असेल तर इथे टाका. फोटो नको, टाइप करून.

खडूफळा

घ्या. लिमिटच्या आधी दोन आठवडे: सिंथेटिक डिव्हिजन (नववी), घनाच्या वजाबाकीचे अवयव, छेदाचं परिमेयीकरण. सर्कलच्या आधी: पूर्ण वर्ग पद्धत, दहावीच्या वर्गसमीकरणातली. तिच्याशिवाय एक्स वर्ग + वाय वर्ग − ४एक्स + ६वाय − १२ = ० वरून केंद्र (२, −३) आणि त्रिज्या ५ ही फक्त सूत्रातूनच येतात, कळत काहीच नाही. स्ट्रेट लाइनच्या आधी एकसामयिक समीकरणं. कॉम्प्लेक्सच्या आधी वर्गसमीकरणाचं सूत्र, विवेचक ऋण येणारी उदाहरणं मुद्दाम निवडून, आणि 'वास्तव मुळं नाहीत' एवढ्यावरच थांबवायचं. सिक्वेन्सच्या आधी दहावीची अंकगणिती श्रेढी. डिटरमिनंटला क्रेमरचा नियम दहावीतच झालेला असतो, बहुतेक विसरलेले असतात.

रात्रपाळी

आणि लॉग? ते दहावीत नाही, तुमच्या यादीत नाही, आणि अकरावीच्या फंक्शनमध्ये येईपर्यंत केमिस्ट्रीवाल्यांनी लॉगची टेबलं वाटून झालेली असतात.