बायकोची काळजी करणं आणि तिच्यावर पाळत ठेवणं, फरक नेमका कुठं पडतो?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ३०, सांगलीत विश्रामबागला राहतो, लग्नाला दीड वर्ष झालं. बायको मिरजेत एका हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, महिन्यातनं आठ-दहा नाईट असतात. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोबाला आहे म्हणजे माझी वेळ ठरलेली, तिची नाही. नाईट सकाळी आठला सुटते, साडेआठपर्यंत घरी यायला पाहिजे, पण कधी काम लांबतंय, कधी वडाप भरेपर्यंत थांबावं लागतंय. मी आठ पस्तीसला पहिला फोन करतो, उचलला नाही की दुसरा, मग तिसरा. मागच्या गुरुवारी अकरा फोन झाले आणि शेवटी तिच्या मैत्रिणीला पण लावला. ती घरी आली, चप्पल काढली, पर्स दिवाणावर ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही माझी काळजी करताय का हजेरी घेताय?" आणि आंघोळीला गेली. तेव्हापास्नं विचारलं तेवढंच बोलते.

मी वाईट माणूस नाही ओ. कधी हात उगारला नाही, नोकरी सोड म्हणालो नाही, उलट तिच्या नोकरीचा अभिमान आहे मला. लाईव्ह लोकेशन चालू ठेव म्हणालो ते रस्त्याची भीती वाटते म्हणून, तिचं एटीएम पण माझ्याकडं असतंय कारण घरचा हिशोब मीच बघतो. लहानपणापास्नं वडलांना बघितलंय, त्यांनी शब्द टाकला की विषय संपला, सगळे म्हणायचे माणूस खंबीर आहे. मला पण तसंच व्हायचंय, तिला वाटलं पाहिजे की नवरा पाठीशी उभा आहे. मग ह्याची पाळत कधी झाली? खंबीर राहायचं आणि तिला मोकळं पण सोडायचं, हे लोक कसं जमवतात?

आयर्विनच्या अलीकडे

दादा, त्या अकरा फोनमधले तिच्यासाठी किती होते? पहिला असेल. बाकीचे दहा तुमचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून होते, आणि ते काम तुम्ही रात्रभर वॉर्ड सांभाळून आलेल्या बाईवर टाकलंत. रागानं लिहीत नाही, आमच्या घरी हेच होतं म्हणून लिहितेय.

आम्ही गावभागात राहतो, २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा खालचा मजला पूर्ण पाण्यात होता. त्यामुळं ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका हे आमच्याकडं पोराटोरांना पाठ आहे. त्यानंतरच्या वर्षी कधीतरी मला माहेरनं यायला उशीर झाला, फोन बंद पडलेला. मिस्टर दारातच उभे. तोंड उघडलं, थांबले, आणि म्हणाले, "आज माझं चाळीस झालंय, मी जरा गच्चीवर जाऊन येतो." मला काही कळेना. मग चहा घेताना सांगितलं की फोन लागला नाही तसा पोटात गोळा आला, नको नको ते डोक्यात यायला लागलं. सोळा वर्षांच्या संसारात "मला भीती वाटली" हे त्या माणसाच्या तोंडनं मी पहिल्यांदा ऐकलं आणि त्या दिवशी ते मला जेवढे भक्कम वाटले तेवढे आधी कधीच वाटले नव्हते, अगदी पुरात डोक्यावर पोतं घेऊन जिना चढताना पण नाही. आता आमच्यात तोच शब्द आहे. ज्याचं चाळीस झालंय त्यानं आपलं सामान आपण वर चढवायचं, समोरच्याला जाब विचारायचा नाही.

अजिंक्यताऱ्याखालचा

साताऱ्यातनं लिहितोय. माझी चूक तुमच्या उलटी होती, तीही सांगतो कारण तुम्ही आता घाबरून त्या टोकाला जाल. माझ्या वडलांचा धाक मला आवडायचा नाही म्हणून मी ठरवलं की बायकोला कशात अडवायचं नाही. फ्लॅट कुठं घ्यायचा, तू ठरव. पोराची शाळा, तू ठरव. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, ते पण तूच ठरव. मला वाटायचं मी किती मोकळ्या विचारांचा. एकदा पोवई नाक्यावर ट्रॅफिकमध्ये गाडीत बसल्या बसल्या ती रडायला लागली, म्हणाली, "मला तुझी परवानगी नकोय रे, मला तुझं मत पाहिजे." घरातला प्रत्येक निर्णय तिच्या एकटीच्या डोक्यावर होता आणि चुकला तर दोष पण तिचाच.

मग हळूहळू शिकलो. दोन वर्षांपूर्वी तिला एमआयडीसीतली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं होतं. मी सरळ सांगितलं की मला भीती वाटते, सहा महिन्यांचे हप्ते आधी बाजूला ठेवूया असं माझं मत आहे, पण ठरवायचं तू. तिनं चारच महिन्यांचे ठेवले आणि सोडली. मधे दोन महिने ओढाताण झाली, तेव्हा "मी म्हणालो होतो की" हे वाक्य जिभेवर आलेलं गिळणं, भावा, सगळ्यात अवघड तेच होतं.

नाईटवाली

मी पण नर्सच. ड्युटी आठला संपते म्हणजे आठला फक्त हँडओव्हर सुरू होतो, एकेक बेड, एकेक सलाईन सांगायचं असतं, फोन तेव्हा सायलेंटवर. बाहेर येऊन स्क्रीनवर अकरा मिस्ड कॉल दिसले ना की पहिला विचार येतो, घरात कोण गेलं? तुमच्या मिसेस त्या दिवशी वडापमध्ये बसेपर्यंत काय काय विचार करून बसल्या असतील ते कधीतरी विचारा त्यांना.

समुपदेशक, मिरज

एटीएमचं वाक्य सगळ्यांनी सोडून दिलंय, म्हणून लिहिते. हिशोब एकानं बघणं वेगळं आणि तिच्या पगाराला तिलाच तुमच्याकडं मागायला लागणं वेगळं. आपल्याकडच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर भावनिक आणि आर्थिक छळही येतो, इंग्लंडमध्ये तर २०१५ पासून जोडीदारावर असं सततचं नियंत्रण ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तुम्ही गुन्हेगार आहात असं मी म्हणत नाही, पण हात न उगारणं एवढी एकच पट्टी लावून स्वतःला मोजू नका.

दुसरं, पुन्हापुन्हा फोन करण्याबद्दल. जॉन बोल्बी नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं लहान मुलं आणि आई यांच्या ओढीवर काम केलं, १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर या दोघांनी तेच मोठ्यांच्या प्रेमाच्या नात्यांना लावून बघितलं. जवळचं माणूस दिसेना झालं की बाळ जसं टाहो फोडतं, तसा मोठ्यांचा टाहो म्हणजे हे फोन. त्यामुळं हौसेनं कोण करत नाही, पण आवरणं आपल्या हातात असतं. फार तगमग होत असेल तर टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि हे वाचणारी कुणी स्वतःच्या घरात घाबरून राहत असेल तर तिच्यासाठी १८१, महिला हेल्पलाईन.

विश्रामबागकर

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. काल रात्री तिची सुट्टी होती ते एटीएम तिच्या हातात दिलं, ती बराच वेळ ते उलटंपालटं करत बसली आणि म्हणाली, "पिन तुम्ही बदललेला, तो पण सांगा." जानेवारीत मीच बदलला होता आणि तिला सांगितलाच नव्हता. माझ्या ध्यानात पण नव्हतं ओ. त्यावर बोलायला मला शब्द सुचले नाहीत, पिन सांगितला आणि चुकलं म्हणालो. लोकेशन तिनं बंद केलं. म्हणाली, निघाले की मेसेज करीन, पण विसरले तर विसरले.

*दुसऱ्या दिवशी सकाळी*

रात्री नाईट होती. आत्ता आठ बावन्न झालेत, मेसेज नाही. आई आतनं दोनदा विचारून गेली, अजून कशी आली नाही. येईल म्हणालो. चाळीस झालंय खरं. फोन टीव्हीवर ठेवलाय आणि चहाचं आधण टाकलंय, तिचा पण कप धरून.