जोडीने आलेले जोडीतच नाचतात, मग सोशल रंगणार कशी?

काठावरचा: साल्सा-बचाटा या जोडीने करायच्या नाचांच्या सोशलला, म्हणजे नाचायला जमायच्या मेळाव्याला, निम्मे लोक जोडीने येतात आणि रात्रभर आपसातच नाचतात. एकटे आलेले भिंतीला टेकून. पूर्वी ओळखी नाचात व्हायच्या, आता जोड्या ॲपवर जुळूनच येतात. याचा फ्लोअरवर खरंच परिणाम होतो का? आणि आयोजकाने करायचं काय?

पाचसहासात: होतो, पण ॲपच्या कितीतरी आधीपासून. अमेरिकेत १९२०-३० च्या दशकांत तरुणांच्या नाचात 'कट-इन' चालायचं. कडेला उभ्या घोळक्यातला कोणीही पुढे होऊन नाचणाऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारणार, त्याने मुकाट बाजूला व्हायचं. जिला असे बरेच जोडीदार मिळत तिचा भाव वधारायचा. एकाच्याच वाट्याला आलेली 'अडकली' म्हणायची. एकट्याला यायला कारण होतं! दुसऱ्या महायुद्धानंतर एकाशीच 'स्टेडी' राहायची रीत रुळली, लग्नंही लवकर होऊ लागली (मुलींचं पहिल्या लग्नाचं मध्यक वय १९४० मध्ये २१.५, १९५६ मध्ये २०.१). मग तीच टिचकी आगाऊपणा ठरली आणि कडेचा घोळका विरत गेला.

तबकडी: सगळं खापर प्रेमावर नको. १९४४ मध्ये तिथे नाच-गाणं असलेल्या खाण्यापिण्याच्या जागांवर ३० टक्के केंद्रीय कर बसला. त्याच वर्षी तो २० वर आला, पण पुढे बरीच वर्षं तिथेच राहिला. नुसत्या वाद्यसंगीताला माफी होती. मग बऱ्याच मालकांनी नाच बंद करून नुसती वाद्यं ठेवली.

कोपऱ्यातलं टेबल: ब्वेनोस आयरेसच्या जुन्या वळणाच्या मिलोंगांत, म्हणजे टँगोच्या सोशलमध्ये, हे बसायच्या जागेवरच ठरतं. पुरुष एका बाजूला, बायका समोर. एकत्र बसलेल्या जोडीला कोणी विचारत नाही. ज्या जोडप्यांना इतरांशी नाचायचंय ती आत येतानाच वेगळी होतात. विचारणं नजरेने, म्हणजे कबेसेओ. नको असेल तर नजर वळवायची, चारचौघांत फजिती नाही. तांदा, म्हणजे एका जोडीदाराशी सलग नाचायच्या गाण्यांचा संच, ४ टँगोंचा; मग थोडा वेळ कोर्तिना, म्हणजे मधली वेगळी धून, वाजते आणि फ्लोअर मोकळा होतो. जोडीदार बदलणं त्यातच आलं.

तुमच्याकडे आधी दिवे वाढवा. अंधारात कबेसेओ होत नाही, मग धीट तेवढेच नाचतात. सुरुवातीच्या वर्गात दर २-३ मिनिटांनी जोडीदार बदला: लीडर (नाच पुढे नेणारा) जागेवर, फॉलोअर (त्याला साथ देणारी) एकेक जागा पुढे. बदलायचं नसेल त्या जोड्या वर्तुळाबाहेर, नाहीतर साखळी तिथेच तुटते. १० लीडर, १४ फॉलोअर असतील तर ४ रिकाम्या जागा विखरून ठेवा. लागोपाठ ठेवल्या तर एकेकीला सलग ४ फेऱ्या नुसतं उभं राहावं लागतं, आणि ती पुन्हा येत नाही.

काठावरचा: दिव्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. पण जोड्यांना वेगळं बसवलं तर रुसतील की.

कोपऱ्यातलं टेबल: बसवायचं नाहीच. दोन्ही तऱ्हेची टेबलं मांडा आणि कुठलं कशासाठी ते दारातच सांगा. कुठे बसायचं ते त्यांचं ते बघतील.